मामांसाठी स्वस्तातला स्कॅनर

मामांचा फोन आला आणि त्यांनी मला स्कॅनर सुचवायला सांगितलं, तेव्हा मी आधी तोंडावर हात ठेवला. हसू फुटेल म्हणून नव्हे, शिवी बाहेर पडेल म्हणून.

"तू आयटीत ना? मग तुला कळत असेल त्यातलं," मामा म्हणाले. "माझ्या स्लाइड्स कॉम्प्युटरवर घ्यायच्यात. प्रोजेक्टरचा दिवा आता कुठे मिळत नाही. स्वस्तातला बघ एखादा. उगाच साहेबी थाटाचा नको."

'माझ्या स्लाइड्स' हे शब्द ते इतक्या सहज बोलले की मला क्षणभर त्यांचं कौतुकच वाटलं. त्या स्लाइड्स माझ्या बाबांच्या होत्या.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात होते. आठवड्याची एक सुट्टी, आणि त्या सुट्टीत गळ्यात कॅमेरा अडकवून ते सायकलवरून पुणंभर फिरायचे. कागदावरच्या फोटोंपेक्षा त्यांना स्लाइड आवडायची. फिल्म धुऊन आली की पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, काड्यापेटीच्या छापाएवढा रंगीत तुकडा हातात यायचा. तो खिडकीच्या उजेडाशी धरून बघायचा, नाहीतर प्रोजेक्टरमधून भिंतीवर पाडायचा. त्यात काय असायचं? टांग्यांचा अड्डा, शाळा सुटल्यावरचा सायकलींचा लोंढा, नदीपात्रात वाळत घातलेली धुणी, दुकानांच्या पाट्या. नातेवाईक हसायचे. फोटो काढायचा तर लग्नामुंजीचा काढावा, रस्त्याचा कसला काढायचा, तो काय पळून चाललाय? हे सगळ्यांत मोठ्या आवाजात कोण म्हणायचं, तर आईचे थोरले भाऊ, म्हणजे हेच मामा.

बाबा गेल्यावर आम्ही मायलेकींनी जुनं घर सोडून कोथरूडला तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट घेतला. सामान बांधायला मामा आले होते. स्लाइड्सचे डबे आणि प्रोजेक्टर उचलत म्हणाले, "तुमच्याकडे ओल लागेल याला. माझ्याकडे नीट राहतील." आणि राहिल्या की! इतक्या नीट राहिल्या की मामांच्याच होऊन गेल्या.

त्याच सुमारास पुण्याचं सगळं बदलत चाललं होतं. हिंजवडीच्या भातखाचरांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, शहरात जुनी थिएटरं पाडून मॉल होत होते, आणि ज्यांनी बंगले बिल्डरला दिले होते त्यांनाच जुन्या पुण्याच्या आठवणीनं गहिवरून येत होतं. मामांनी ते अचूक हेरलं. 'हरवलेलं पुणं' असा कार्यक्रम त्यांनी सुरू केला. अंधार करायचा, बाबांच्या स्लाइड्स एकामागून एक दाखवायच्या आणि वर स्वतःचं निवेदन. ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्यांचे गणपती, महिला मंडळं, सगळीकडून बोलावणी यायला लागली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. फरक एवढाच की हा नागोबा शाल आणि श्रीफळही घ्यायचा.

पुठ्ठ्याच्या चौकटींवर बाबांनी बारीक अक्षरात जागांची नावं लिहिलेली होती. मामांनी त्या सगळ्या चौकटी फेकून दिल्या, प्लॅस्टिकच्या नव्या बसवल्या आणि प्रत्येकीवर स्वतःच्या नावाची छापील चिकटपट्टी लावली. पुठ्ठ्याला बुरशी धरते, असं कारण सांगितलं.

एकदा तर माझ्याच कंपनीत त्यांचा कार्यक्रम झाला. मी वर्षभर जिच्याशी पगारवाढीसाठी भांडत होते, त्या मॅनेजरनं मामांना पुष्पगुच्छ दिला आणि नंतर मला म्हणाली, "युवर मामा इज सो कूल, यार. तू कधी बोलली नाहीस!" मी कँटीनमध्ये जाऊन थंड पाण्याचे दोन ग्लास प्यायले.

या कार्यक्रमात लोकांना सगळ्यांत आवडायची ती एका बाईची स्लाइड. रिकामा रस्ता, सकाळचं ऊन, भिंतीला टेकवलेली एक सायकल, आणि पलीकडच्या कडेला नटूनथटून उभी असलेली, कपाळाशी हात धरलेली एक तरुण बाई. प्रोजेक्टरच्या पिवळट उजेडात ती अंगठ्याएवढी दिसायची, चेहरा म्हणजे नुसता ठिपका. मामा आवाज खाली आणून सांगायचे, "मी कॅमेरा रोखला. बाई लाजल्या. पटकन तोंडावर हात घेतला. ही मंडळी, ही लाज, आता कुठे राहिली?" अंधारात सुस्कारे ऐकू यायचे.

आई प्रत्येक कार्यक्रमाला जायची. पहिल्या रांगेत बसायची, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. एकदा घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले होते, "तू गप्प कशी बसू शकतेस? बाबांच्या नावाचा 'ब'सुद्धा काढत नाहीत ते!"

"दादाशी भांडले तर मला माहेर कुठलं राहिलं?" ती म्हणाली. "आईवडील नाहीत. भाऊबीजेला ओवाळायला तो एकच आहे."

मला माहेर नको होतं, मला सूड हवा होता. मामांनी भर सभेत तोंडावर आपटावं आणि लोकांनी बाबांचं नाव घ्यावं, या दोन्ही गोष्टी मला एकाच दिवशी बघायच्या होत्या. आणि आता साक्षात मामाच मला फोन करून, बाई गं, माझ्यासाठी एक यंत्र निवड, म्हणत होते.

माझा पहिला विचार अगदी सरळ होता. त्यांच्या गळ्यात असा भिकार स्कॅनर मारायचा, की सगळं पुणं चिखलात बुडाल्यासारखं दिसलं पाहिजे. तसा स्कॅनर शोधणं काही अवघड नव्हतं. साधा स्कॅनर कागदावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड वाचतो. स्लाइडला ते चालत नाही. तिच्या पाठीमागून उजेड यावा लागतो, नाहीतर पडद्यावर काळा चौकोन येतो. शिवाय चित्र किती बारकाईने उतरेल याचा खोक्यावर मोठ्ठा आकडा छापलेला असतो, तो बहुतेक वेळा फसवा. यंत्राच्या डोळ्याला दिसतं थोडं, बाकीचं ते मनाने भरतं. मामांना खोक्यावरचा आकडा दाखवला असता तर ते खूश होऊन घरी गेले असते.

पण दोन दिवस हा बेत मनात घोळवल्यावर माझ्या लक्षात आलं की चिखलात बुडणार होते ते बाबा. मामांचं काय, ते चिखलावरही निवेदन करतील. स्लाइड्सचे रंग उडायला लागले होते, कोपऱ्यांत बुरशीची जाळी धरली होती. हे काम एकदाच होणार होतं, आणि ते चांगलं झालं नाही तर बाबांनी बघितलेलं काहीच उरणार नव्हतं. तेव्हा मी दात ओठ खात मामांसाठी चांगला स्कॅनर शोधायला लागले.

नुसत्या स्लाइड आणि फिल्मसाठी बनवलेली यंत्रं उत्तमच होती, पण त्यांची किंमत ऐकून मामांना झीट आली असती. ऑनसाइट गेलेल्या एका सहकाऱ्याने अमेरिकेहून आणून देतो म्हटलं, पण त्याच्या बॅगेत आधीच अर्ध्या टीमचे कॅमेरे आणि परफ्यूम होते, आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? राहिला मधला मार्ग: साध्या सपाट स्कॅनरसारखाच, पण ज्याच्या झाकणात दिवा असतो असा. त्यातही दोन-तीन तऱ्हा होत्या. मी मामांना म्हटलं, नमुन्याला एक स्लाइड द्या, यंत्र वापरून बघते. त्यांनी जराशा अनिच्छेने लाजणाऱ्या बाईंची स्लाइड रुमालात गुंडाळून दिली. "सांभाळ हं. ही माझी हुकमाची राणी आहे."

शनिवारी मी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत गेले. दुकानदार गल्ल्यावर बसून पेपर वाचत होता.

"स्लाइडचा स्कॅनर दाखवता का?"

"दाखवतो. घेणार आहात का?"

"बघून ठरवीन."

"बघायला प्रदर्शन नाहीये हे," असं म्हणत त्याने तरीही तीन यंत्रं काढली. पुणेरी दुकानदार बोलतो एक आणि करतो दुसरं, हे ज्यांना माहीत नाही ते उगाच परत जातात.

पहिल्यावर अपेक्षेप्रमाणे काळा चौकोन आला. दुसऱ्याच्या झाकणात दिवा होता. त्यावर रस्ता आला, ऊन आलं, पण बाईच्या चेहऱ्यावर नुसता धूसर डाग. तिसरा थोडा महाग होता. तो घरघरत, थांबत, रमतगमत चालला, आणि चित्र पडद्यावर आल्यावर मी बाईपाशी जाऊन ते मोठं केलं. साडीचे काठ दिसले. गळ्यातली ठुशी दिसली. नाकात नथ दिसली, मोत्यांसकट.

माझं नोकरीतलं काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे इतरांच्या चुका काढायचं. मला ते आवडतंही. त्या सवयीनेच मला काहीतरी खटकलं. नथ उजव्या नाकपुडीत होती. पदर उजव्या खांद्यावर होता. आपल्याकडे कोण बाई असं नेसते? मग डोक्यात प्रकाश पडला. स्लाइड पारदर्शक असते, ती दोन्ही बाजूंनी बघता येते, आणि चुकीच्या बाजूने बघितली तर आरशासारखी उलटी दिसते. पाट्या असलेल्या स्लाइड्सची अक्षरं उलटी आली की मामांना कळत असणार. या स्लाइडमध्ये पाटीच नव्हती. चौकट बदलताना मामांनी आपल्या नावाची चिकटपट्टी लावली होती ती उलट्या बाजूला. ज्याने फोटो काढला, तो त्या रस्त्यावर उभा होता. त्याच्या हातून असं होणं शक्य नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर चित्र सुलट केलं, आणि आई माझ्याकडे बघायला लागली.

तिशीही न गाठलेली आई. मी तिला त्या वयात कधी बघितलेलं नाही, पण उशीर होत असला की ती खालचा ओठ जसा आत दाबते, तसाच दाबलेला होता. तो ओठ मी रोज सकाळी, साडेसातच्या कंपनीच्या बससाठी ती मला घाईने डबा भरून देते तेव्हा बघते. त्या गल्लीत, दुकानदारासमोर, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामा इतकी वर्षं गावभर आपली सख्खी बहीण उलटी दाखवत फिरत होते, आणि ती लाजली म्हणून सांगत होते.

"घेताय का?" दुकानदाराने विचारलं.

"हाच द्या," मी म्हटलं.

मामांना मी सांगितलं की याहून स्वस्त घेतलात तर पैसे पाण्यात. त्यांनी कुरकुर केली, पण घेतला. चालवता येत नाही म्हणून स्कॅनर आणि डबे दोन्ही आमच्या घरी आले. पुढचे कित्येक शनिवार-रविवार मी मऊ ब्रशने धूळ झटकायची, चार-चार स्लाइड्स साच्यात बसवायच्या, झाकण लावायचं आणि यंत्राची घरघर ऐकत बसायचं, एवढंच केलं. चिकटपट्टीची बाजू वर, अगदी मामांनी सांगितलं तसं. जिथे अक्षरं उलटी आली तिथे सुलट केलं. एका स्लाइडचं काय करायचं ते ठरत नव्हतं.

ते मामांनीच ठरवलं. काम बघायला ते घरी आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "कॉम्प्युटरवर झूम होतं म्हणे? त्या बाईंना झूम कर. लोकांना आवडतात त्या."

मी केलं. आईचा चेहरा पडद्यावर भरून राहिला. मी मनात म्हटलं, आता ओळखा. अजूनही ओळखलंत तर मी हे चित्र सुलट करीन आणि गप्प बसेन. देवाशपथ मी त्यांना तेवढी संधी दिली.

मामांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं. "वा! काय चेहरा आहे! अस्सल पुणेरी! मला अजून आठवतंय, कशा लाजल्या होत्या." तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिने पडद्याकडे बघितलं, मग भावाकडे. त्यांनी कप घेतला आणि साखर कमी आहे म्हणाले.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "उलटा आहे तो फोटो."

"दिसतंय मला," ती म्हणाली.

"सुलट करू?"

ती कपबशा गोळा करत होती. "दादाने दिलाय तसाच राहू दे," एवढंच म्हणाली.

दिवाळीच्या आधी कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या सभागृहात मोठा कार्यक्रम होता. नवा प्रोजेक्टर, भिंतभर पडदा, सभागृह गच्च. बाबांचं पुणं इतकं स्वच्छ मी लहानपणीही बघितलं नव्हतं. मग बाई आल्या, आधी लांबून, मग भिंतभर. मामांनी आवाज खाली आणला. "मी कॅमेरा रोखला. बाई लाजल्या..."

"अहो, एक मिनिट," तिसऱ्या रांगेतून एका आजींचा आवाज आला. "या बाईंची नथ उजवीकडे कशी?"

मामा थांबले. "असेल एखादीची पद्धत."

"आणि पदरही उजव्या खांद्यावर?"

"मागच्या सायकलीची चेनही डावीकडे आहे," एक गृहस्थ उठून म्हणाले. "आपण हा फोटो पुण्यातच काढलात ना? की आरशात?"

सभागृहात हशा पिकला. मामा लालबुंद झाले. "हा कॉम्प्युटरचा घोळ आहे. माझ्या भाचीने स्कॅन केलंय. या आयटीवाल्यांना कसलं काय कळतं!"

चोराच्या उलट्या बोंबा! मी याच क्षणाची वाट बघत होते. मी उठले. "मामा, चिकटपट्टी तुमच्या नावाची आहे, आणि ती उलट्या बाजूला आहे. स्लाइड इथे डब्यात आहे, कुणालाही बघू दे. फोटो काढणाऱ्याला सुलट बाजू माहीत असते."

पुढचं माझं भाषण तयार होतं. कित्येक महिने घोटलेलं होतं. पण त्याआधी आई उठली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि तिथूनच, माईकशिवाय, म्हणाली, "दादा, ती बाई लाजली नव्हती. तिच्या डोळ्यांवर ऊन येत होतं. एका लग्नाला जायला उशीर होत होता आणि माझे यजमान म्हणत होते, एक मिनिट थांब, उजेड चांगला आहे. ती मी आहे. हे सगळे फोटो माझ्या यजमानांनी काढलेत."

मामांनी पडद्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा पडद्याकडे. त्यांना तेव्हाच ती दिसली असावी. त्यांनी तोंड उघडलं, पण एवढ्या वर्षांत निवेदन पहिल्यांदाच सुचत नव्हतं. कुणीतरी दिवे लावले.

सूड घेतला की मन रितं होतं, असं म्हणतात. मला कडकडून भूक लागली. घरी येऊन मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि आई मला वाढत राहिली.

मला वाटलं, संपलं सगळं, माहेरही संपलं. पण भाऊबीजेला आईने नेहमीसारखी साडी नेसली, ताम्हन घेतलं आणि मला म्हणाली, "चल." मामांच्या घरी सगळे जमले होते, मामी, मुलं, सुना, आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. आईने पाट मांडला. मामा येऊन बसले, मान खाली. तिने कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, शांतपणे ओवाळलं. मामांनी खिशातून पाकीट काढलं.

"पाकीट नको यंदा," आई म्हणाली. "मागते ते घाल."

भाऊबीजेला बहिणीने ताटासमोर मागितलं तर भावाला नाही म्हणता येत नाही, आणि सगळं घर बघत होतं. मामा म्हणाले, "माग."

"तुझे ठरलेले कार्यक्रम रद्द करू नकोस. लोक वाट बघतात. फक्त बोलणार मी. तू कॉम्प्युटर सांभाळ."

मी माझ्या बेतात इतकं भारी काही आणलं नव्हतं. मामींनी तोंडाला पदर लावला. मामांनी निरांजनाकडे बघत होकारार्थी मान हलवली.

पुढचा कार्यक्रम एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये होता. आई माईकपुढे उभी राहिली. तिने आयुष्यभर बाबांचं नाव घेतलं नव्हतं. 'हे' म्हणायची, फार तर लग्नात कुणी आग्रह केला तर उखाण्यात. त्या दिवशी तिने एकदा घसा साफ केला आणि बाबांचं नाव घेतलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्पष्ट, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं. मग दर स्लाइडला ती सांगायची, हा कुठला रस्ता, काय वेळ, आणि शेवटी पुन्हा ते पूर्ण नाव. नाव घेऊन झालं की मागे न वळता म्हणायची, "दादा, पुढची."

आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी, लॅपटॉपच्या निळसर उजेडात बसलेले मामा कळ दाबायचे. तो कार्यक्रम नंतर खूप ठिकाणी झाला आणि मी एकही चुकवला नाही. पडद्याकडे मी फारसं बघत नसे. स्लाइड्स मला पाठ होत्या. बाबांचं नाव निघालं की मी मामांच्या तोंडाकडे बघायचे.